चार अल्पाकांपैकी प्रदर्शनात कोणाला न्यावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आता ओहायोत पाच एकर जागेवर राहता आणि गेल्या वर्षी चार हुआकाया अल्पाका (दक्षिण अमेरिकेतली उंटवर्गीय, लोकरीची जनावरे; हुआकाया हा त्यांतला फुललेल्या लोकरीचा प्रकार) विकत घेतले. त्यात एक गाभण मादी आहे, तिची १४ महिन्यांची फिकट बदामी लेक आहे, पाच वर्षांचा खच्ची केलेला तपकिरी नर आहे आणि बाटलीच्या दुधावर वाढलेले नऊ महिन्यांचे पांढरे नर पिल्लू आहे. विकणाऱ्याने चारही ‘शो क्वालिटी’ असल्याचे सांगितले. तुमच्या ११ वर्षांच्या मुलीला एप्रिलमधल्या प्रदर्शनात उतरायचे आहे आणि पांढरे पिल्लू तिच्या मागे मागे फिरते, अंगावर रेलते, म्हणून तेच न्यावे असे तुम्हाला वाटते. अंघोळ घालावी का, विंचरावे का, रिबन मिळाली तर किंमत वाढेल का आणि तरुण मादीचे पुढचे गुडघे किंचित आत वळलेले दिसतात त्याने काही बिघडेल का, असेही तुम्ही विचारले आहे.

मी पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षे अल्पाकांची पैदास करतो आणि जनावरे घेऊन रिंगणात उभा राहतो. तुमचा खरा प्रश्न चौघांत देखणे कोण हा नाही. प्रदर्शनात वेगवेगळ्या वर्गांत वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या जातात, आणि तुमच्या चौघांपैकी कोणी कोणत्या वर्गात जावे हे ठरवणे हा खरा प्रश्न आहे. हॉल्टर वर्गात, म्हणजे म्होरकी घालून जनावर चालवतात त्या वर्गात, जिवंत जनावराची शरीररचना आणि लोकर पाहतात. लोकरीच्या स्पर्धेत कातरलेली लोकर तेवढी टेबलावर येते, जनावर घरीच राहते. हाताळणीच्या वर्गांत, म्हणजे अडथळ्यांची वाट, शोमनशिप वगैरेंमध्ये, जनावर आणि माणूस यांची जोडी पाहतात. वर्ग न सांगता नुसते ‘शो क्वालिटी’ म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

हॉल्टरचे रिंगण कसे चालते ते जरा तपशिलाने सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एका लिंगाचे, एका वयोगटाचे आणि एका रंगगटाचे अल्पाका एका रांगेत उभे राहतात. परीक्षक आधी अंतरावरून प्रमाणबद्धता पाहतात, मग एकेकाला आपल्याकडे चालत यायला आणि पाठमोरे जायला लावतात. येताना पुढचे पाय सरळ पडतात का आणि जाताना मागचे पाय एकमेकांकडे झुकतात का, हे तेव्हा दिसते. त्यानंतर हाताने तपासणी होते. ओठ वर करून खालचे पुढचे दात वरच्या कठीण हिरडीला नीट टेकतात का हे पाहतात, कारण अल्पाकाला वरच्या जबड्यात पुढे कातरदात नसतात. पंढरपूरकडच्या बाजारात खिल्लार खोंडाचे दात वयासाठी बघतात. इथे वय कागदावर असतेच, दात पाहायचे ते जबड्याच्या ठेवणीसाठी. नराचे दोन्ही वृषण उतरलेले आणि सारख्या आकाराचे आहेत का हेही तपासतात. वाकडा चेहरा किंवा जादा बोटे यांसारखे जन्मजात दोष आढळले तर लोकर कितीही सुंदर असली तरी जनावर बाद होते.

मग लोकर. परीक्षक दोन्ही तळहातांनी खांद्यावर, कुशीवर आणि मागच्या पुठ्ठ्यावर अशी तीन ठिकाणी लोकर हलकेच फाकवून पाहतात. वरून धुळकट, मळकट दिसणारी लोकर आत उघडली की कातडीपर्यंत स्वच्छ आणि चमकदार निघते. बारीकपणा, तिन्ही ठिकाणचा सारखेपणा, बटांमधली नियमित कुरळी नागमोड, दाटी, चमक आणि आत मिसळलेल्या जाड राठ केसांचे प्रमाण हे सगळे त्या काही क्षणांत पाहिले जाते. हुआकायाच्या हॉल्टर वर्गात शरीररचना आणि लोकर यांना निम्मे निम्मे महत्त्व असते, त्यामुळे नुसत्या मऊ लोकरीवर कोणी जिंकत नाही.

क्रम लावून झाल्यावर परीक्षक मायक्रोफोन घेऊन पहिल्याला दुसऱ्याच्या वर का ठेवले, दुसऱ्याला तिसऱ्याच्या वर का ठेवले, याची कारणे सर्वांसमोर सांगतात. माझ्या मते सगळ्या प्रदर्शनात याहून मोलाचे काही नाही. एका जाणत्या माणसाने तुमच्या जनावराला हात लावून, त्याच वयाच्या आणि रंगाच्या इतरांशी तुलना करून दिलेले ते मत असते, आणि पुढच्या वर्षी कोणती मादी कोणत्या नराला दाखवायची हे ठरवताना ते थेट उपयोगी पडते. तुमच्या वर्गाचीच नव्हे, तुमच्या रंगगटातल्या सगळ्या वर्गांची कारणे फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. वयोगटांतले पहिले आलेले अल्पाका पुन्हा रिंगणात येऊन त्यांच्यातून त्या रंगाचा विजेता निवडला जातो, आणि विजेता ठरला की त्याच्याच वर्गातला दुसरा क्रमांक आत येऊन उपविजेतेपदासाठी उभा राहतो. म्हणून कधी कधी एखाद्या वर्गातला दुसरा क्रमांक दुसऱ्या वर्गातल्या पहिल्याहून वरचढ ठरतो.

लोकरीच्या आकड्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण विकणाऱ्याने तुम्हाला लोकर चाचणीचा अहवालही दिला आहे. त्यावरचा सरासरी मायक्रॉनचा आकडा (केसाची जाडी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत) एकटा वाचू नका. त्याशेजारी प्रमाण विचलन असते, म्हणजे केस एकमेकांपासून जाडीत किती फरकाचे आहेत, आणि ३० मायक्रॉनहून जाड केसांचे प्रमाणही असते. अंगाला टोचतात ते हेच जाड केस. सरासरी चांगली असून केसांच्या जाडीत फार फरक असेल, तर तो कुशल परीक्षकाच्या बोटांना लगेच कळतो. शिवाय नमुना कोणत्या वयात घेतला ते पाहा. पहिल्या वर्षीची लोकर जवळजवळ सगळ्यांचीच बारीक असते. वय वाढते तशी ती जाड होते आणि भरपूर खुराक दिला तर आणखी जाड होते. पेरूच्या व्यापारी वर्गवारीत २३ मायक्रॉनपर्यंतची लोकर वरच्या दर्जाची आणि ३१.५ मायक्रॉनच्या पुढची जाड समजली जाते. पिल्लू असताना २० मायक्रॉन असलेला नर पाचव्या वर्षी कुठे असतो, हे पैदाशीच्या दृष्टीने महत्त्वाचे. पेरूच्या पुनो प्रदेशातल्या माकुसानीला, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंच जागी, हुलिओ बारेदा यांनी आयुष्यभर निवड करून जो आक्कोयो कळप उभा केला, त्याचे रक्त आज अमेरिकेतल्या अनेक वंशावळींत आढळते. मात्र कागदावर ‘आक्कोयो’ लिहिलेले आहे म्हणून समोरच्या पिल्लाची लोकर तशी असेलच असे नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवा.

आता तुमचे चार. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. नेब्रास्कातल्या लिंकन इथल्या अल्पाका ओनर्स असोसिएशनच्या मान्यतेचे प्रदर्शन असेल, तर हॉल्टर वर्गासाठी जनावराची त्यांच्याकडे नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी डीएनएवरून पालकत्व पडताळलेले लागते. मालकी तुमच्या नावावर हस्तांतरित झाली आहे का, हे आजच पाहा. काउंटी फेअर (जिल्ह्याची जत्रा) किंवा फोर-एच या अमेरिकेतल्या मुलांच्या संस्थेचे प्रदर्शन असेल तर नियम वेगळे असतात. त्या त्या वर्षीचे नियमपुस्तक वाचल्याशिवाय प्रवेशशुल्क भरू नका.

गाभण मादीला घरीच ठेवा. अल्पाकाचा गर्भकाळ साडेअकरा महिन्यांच्या आसपास असतो आणि त्या काळात प्रवास, अनोळखी जनावरांचा सहवास आणि संसर्गाची भीती या तिन्ही गोष्टी टाळलेल्या बऱ्या. वसंतात कातरणी झाली की तिची लोकर स्पर्धेला पाठवता येईल.

तरुण मादी हॉल्टर वर्गासाठी तुमची योग्य उमेदवार आहे. एप्रिलमध्ये ती १७ महिन्यांची, म्हणजे एक ते दोन वर्षांच्या गटात असेल. तिच्या गुडघ्यांबद्दल मात्र मला एक शंका आहे. तिचा जन्म नोव्हेंबरचा दिसतो. अल्पाका हा अँडीजमधल्या तीव्र उन्हाचा प्राणी. ओहायोच्या हिवाळ्यात दाट लोकरीखालच्या कातडीला पुरेसे ऊन मिळत नाही, आणि शरदात जन्मलेल्या पिल्लांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडून हाडे मुडदुसासारखी वाकतात. तसे असेल तर दोष वंशाचा नसून पहिल्या हिवाळ्याचा असतो, आणि पैदाशीच्या निर्णयात हा फरक फार मोठा आहे. पशुवैद्याकडून तिच्या रक्तातले फॉस्फरस आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. परीक्षक कारण विचारणार नाहीत, दिसेल त्याप्रमाणे क्रम लावतील, म्हणून पहिल्या क्रमांकाची अपेक्षा न ठेवता लोकरीवर परीक्षक काय बोलतात ते ऐकण्यासाठी तिला न्या.

तपकिरी खच्ची नर मुख्य हॉल्टर वर्गात बसत नाही, कारण तो वर्ग पैदाशीच्या जनावरांसाठी आहे. अशा नरांसाठी वेगळा वर्ग आहे का ते नियमपुस्तकात पाहा. मुलीसाठी मात्र चौघांत तोच सर्वांत उत्तम साथीदार आहे. शोमनशिपच्या वर्गात लोकर आणि दात यांना गुण नसतात. मूल जनावराला कसे उभे करते, परीक्षकाची जागा बदलली की स्वतःची जागा कशी बदलते, प्रश्नांना काय उत्तर देते, हे पाहतात. तुम्ही ओहायोत आहात ही तर पर्वणीच आहे. फोर-एचची सुरुवात १९०२ मध्ये ओहायोतल्याच क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम यांनी केली, आणि त्यांच्या प्रकल्पांत आज लामा व अल्पाकाही आहेत. तुमच्या काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात जाऊन मुलीचे नाव घाला. शांत, वयाने पोक्त जनावर आणि नवखे मूल ही जोडी दोघांनाही मानवते.

पांढरे पिल्लू नेऊ नका. हे मी सावधगिरीचा सल्ला म्हणून नव्हे, ठामपणे सांगतो आहे. बाटलीवर, माणसांत वाढलेले नर पिल्लू माणसाला आपल्याच जातीचे समजू लागते. लहानपणी ते मागे येते, रेलते, कपडे ओढते आणि सगळ्यांना गोड वाटते. वयात आल्यावर तेच माणसाला प्रतिस्पर्धी नर समजून छातीने धडक देते, पायांना चावते, खाली पाडते. पूर्ण वाढलेला नर ६० ते ८० किलोंचा होतो आणि दोन-तीन वर्षांच्या सुमारास त्याला धारदार लढाऊ सुळे येतात. तुम्ही प्रेमळपणाची खूण म्हणून जे वर्णन केले आहे, ते माझ्या दृष्टीने धोक्याची पहिली खूण आहे. आजपासून त्याला हातावर खाऊ देणे आणि गोंजारणे बंद करा, त्याला तपकिरी नरासोबत ठेवा म्हणजे अल्पाकाच्या रीतीभाती तो अल्पाकाकडून शिकेल, आणि मुलीला त्याच्या वाड्यात एकटी जाऊ देऊ नका. एरवी पायांच्या हाडांची वाढ नीट व्हावी म्हणून दीड वर्षाच्या आसपासपर्यंत खच्चीकरण लांबवतात, पण अशा पिल्लाच्या बाबतीत ते लवकर करावे का, हे उंटवर्गीय जनावरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला याच महिन्यात विचारा. कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठाचे पशुरुग्णालय तुम्हाला जवळ आहे. खच्चीकरणाने प्रश्न आपोआप सुटतो असेही नाही. वागणूक बदलावीच लागते.

तयारीबद्दल. अंघोळ घालू नका, विंचरूही नका. हुआकायाच्या लोकरीची बटांची रचना विंचरल्याने मोडते आणि परीक्षकाला नेमकी तीच पाहायची असते. शिवाय लोकरीचे मूळ रूप बदलणारी कोणतीही प्रक्रिया नियमांत बसत नाही. वरचे गवत, काटे हाताने वेचा, नखे कापा, आणि प्रदर्शनाआधीचे आठवडे स्वच्छ, कोरड्या जागी ठेवा. चाऱ्याची गव्हाण डोक्याच्या उंचीवर असेल तर मानेच्या लोकरीत कचरा भरतो, म्हणून ती खाली घ्या.

हॉल्टरकडे, म्हणजे आपल्याकडच्या म्होरकीकडे, सर्वांत जास्त लक्ष द्या. अल्पाका मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. डोळ्यांच्या खालून नाकावरून अंगठा फिरवत या. कठीण हाड संपून मऊ कूर्चा सुरू होते ती जागा स्पष्ट लागते. नाकावरचा पट्टा त्या जागेच्या बराच वर, डोळ्यांच्या जवळ बसला पाहिजे. आधी कानांमागचा पट्टा घट्ट बसवा, म्हणजे हॉल्टर पुढे घसरणार नाही, आणि मग नाकावरचा पट्टा रवंथ करता येईल इतका सैल ठेवा. पट्टा कूर्चेवर उतरला की श्वास कोंडतो, जनावर उसळते, खाली बसते, आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. रिंगणात लोळण घेणाऱ्या अल्पाकांपैकी पुष्कळांची अडचण हीच असते. मुलीला हे अंगठ्याने शोधायला शिकवा. रोज दहा मिनिटे चालवणे, ओठ उचलून दात पाहणे, पाठीवर दोन्ही हात ठेवून लोकर फाकवणे, इतका सराव एप्रिलपर्यंत पुरेसा आहे.

लोकरीची स्पर्धा घरच्यांना कमी खर्चाची आणि शिकायला उत्तम. कातरताना पाठ आणि कुशीचा सलग भाग आधी वेगळा काढून घ्या, मग जाळीच्या टेबलावर पसरून कडेची राठ लोकर, दुसऱ्यांदा कात्री फिरल्याने पडलेले आखूड तुकडे आणि कचरा वेचा. गुणपत्रक १०० गुणांचे असते आणि प्रत्येक निकषाचा गुण लिहून मिळतो, हा मोठा फायदा. हातसुताची आवड असेल तर स्पिन-ऑफ नावाच्या स्पर्धेत सुमारे एक औंस लोकर पाठवतात आणि परीक्षक ती प्रत्यक्ष कातून पाहतात. एक अडचण लक्षात घ्या: हॉल्टरसाठी लोकर अंगावर लागते, म्हणून तरुण मादीची कातरणी प्रदर्शनानंतरच करा.

किमतीचा प्रश्न. अमेरिकेत अल्पाकांची आयात १९८४ मध्ये सुरू झाली आणि १९९८ च्या अखेरीस नोंदवही आयात जनावरांसाठी बंद झाली. पुढे काही वर्षे किमती आभाळाला भिडल्या, कारण प्रत्येक जण पैदास विकण्यासाठी विकत घेत होता. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २००० च्या दशकात दाखवून दिले होते की लोकरीच्या उत्पन्नातून त्या किमतींचे समर्थन होत नाही. फुगा फुटला. आजही नामवंत विजेत्या नराच्या सेवेला मागणी असते, पण एका प्रदर्शनातल्या एका रिबनने चार जनावरांच्या छोट्या कळपाची किंमत हलत नाही. प्रवेश, तपासण्या, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च तुम्ही शिक्षणावरचा खर्च म्हणून धरा. तेवढा परवडत नसेल तर यंदा फक्त लोकर पाठवा आणि मुलीला प्रेक्षक म्हणून घेऊन जा.

शेवटी आरोग्य. बहुतेक प्रदर्शने बीव्हीडी या मूळच्या गुरांमधल्या विषाणूची नकारात्मक चाचणी मागतात. हा विषाणू गाभण मादीला लागला तर पिल्लू आयुष्यभर संसर्ग पसरवणारे जन्मू शकते. राज्याची सीमा ओलांडणार असाल तर पशुवैद्याचे प्रमाणपत्रही लागेल. एकटा अल्पाका कधीही नेऊ नका; तपकिरी नर आणि तरुण मादी दोघे बरोबर जातील, गाडीत शेजारी पण वेगळ्या कप्प्यांत. ते बसून प्रवास करतात, म्हणून भरपूर पेंढा घाला, आणि घरचा चारा सोबत न्या. तुमच्या भागात पांढऱ्या शेपटीची हरणे असणारच. त्यांच्यातून येणाऱ्या मेंदूवेष्टनाच्या कृमीसाठीची औषधे चालू ठेवा, कारण त्या आजाराची पहिली खूण म्हणजे मागच्या पायांचा तोल जाणे, आणि ती दिसली तर प्रदर्शन विसरून लगेच पशुवैद्य गाठा. पुढे जुलै-ऑगस्टमधल्या काउंटी फेअरला जायचे ठरवले, तर फॅरनहाइटमधले तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. १२० च्या खाली काळजी नाही, १८० च्या वर जनावर नेऊच नका. मधल्या दिवसांत पंखा लावा आणि पाणी पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला मारा. पाठीवर ओतलेले पाणी लोकरीत अडकून उष्णता आत कोंडते. परत आल्यावर दोघांना गाभण मादीपासून किमान तीन आठवडे वेगळ्या वाड्यात, वेगळ्या पाण्यावर ठेवा, आणि त्यांचे काम दिवसात सर्वांत शेवटी करा, म्हणजे तुमच्या बुटांवरून काही तिच्याकडे जाणार नाही.